न हलता होणारे श्रम : स्थिर व्यायाम आणि शरीर

शाळेच्या नळावरून पाण्याने भरलेली बादली वर्गापर्यंत आणणारा मुलगा वाटेत दोन-तीन वेळा हात पालटतो. त्याला विचारले तर हात भरून आला असे तो सांगतो. पाय दुखतात असे तो म्हणत नाही. वास्तविक त्या वेळी त्याचे पाय सर्व शरीराचा आणि बादलीचाही भार वाहत असतात. मग हातच आधी का दमावा? फरक इतकाच की, पाय हलत असतात आणि बादली धरलेला हात हलत नसतो. या नित्याच्या अनुभवात शरीरशास्त्रातील एक महत्त्वाचा विषय सामावलेला आहे. शरीरशिक्षणाचा तास, प्रार्थनेची रांग, आसनांचा अभ्यास, वर्गातील बैठक आणि दुर्दैवाने काही ठिकाणी अद्याप दिली जाणारी शिक्षा, या सर्वांशी त्याचा निकट संबंध आहे. म्हणून प्रत्येक शिक्षकाने तो समजून घेणे अगत्याचे आहे.

स्नायूंच्या कामाचे दोन प्रकार

स्नायू दोन रीतींनी काम करतात. चालणे, धावणे, दंड-बैठका काढणे यांत स्नायू आळीपाळीने आखूड व लांब होतात आणि सांधे हलतात. याला गतिमान श्रम म्हणता येईल. याउलट भिंत रेटणे, मूठ घट्ट आवळून धरणे, दांडीला लोंबकळत राहणे किंवा गुडघे वाकवून तसेच थांबणे यांत स्नायूंमध्ये ताण उत्पन्न होतो, पण त्यांची लांबी पालटत नाही आणि सांधाही जागचा हलत नाही. हा स्थिर श्रम होय. अशा श्रमावर आधारलेल्या व्यायामास आयसोमेट्रिक, म्हणजे लांबी समान राखून केलेला, व्यायाम असे म्हणतात.

येथे एक शंका चाणाक्ष विद्यार्थी हमखास विचारतो. जोर लावून वस्तू हलली तरच कार्य झाले, असे विज्ञानाच्या पुस्तकात शिकविले जाते. भिंत तर तसूभरही हलत नाही. मग ती रेटणारा का दमतो? शंका रास्त आहे. भिंतीवर झालेले कार्य शून्यच असते. परंतु स्नायूच्या आत काम चालू असते. स्नायूच्या तंतूंत दोन प्रकारचे अतिसूक्ष्म धागे असतात. एका धाग्यावरील बारीक आकडे दुसऱ्याला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. प्रत्येक वेळी पकड सोडून पुन्हा पकडण्यासाठी शरीरातील इंधन खर्ची पडते. ताण कायम राखावयाचा तर ही ओढाताण अखंड चालू राहिली पाहिजे. खर्च झालेल्या शक्तीचे रूपांतर उष्णतेत होते. न हलणारा मुलगा रिकामा उभा आहे असे वरून दिसले, तरी त्याच्या स्नायूंच्या दृष्टीने ते खरे नसते.

रक्ताची वाट अडते

स्नायूला काम करण्यासाठी प्राणवायू लागतो आणि कामामुळे निर्माण होणारी टाकाऊ द्रव्ये वाहून नेणारेही कोणी लागते. ही दोन्ही कामे रक्त करते. गतिमान श्रमात स्नायू क्षणभर आवळतो व क्षणभर सैल पडतो. सैल पडताच त्यात ताजे रक्त शिरते. आवळताच अशुद्ध रक्त नीलांतून हृदयाकडे ढकलले जाते. अशा रीतीने चालणाऱ्या माणसाची पोटरी ही जणू एक पंपच असते.

स्थिर श्रमात हा सैल पडण्याचा क्षणच येत नाही. आवळलेला स्नायू आपल्याच पोटातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबून धरतो. जोर थोडा असेल तर रक्त काही प्रमाणात वाहत राहते. जोर वाढेल तसा प्रवाह रोडावतो. आणि कमाल ताकदीच्या निम्म्याहून बराच अधिक जोर लावला, तर पुष्कळशा स्नायूंत तो जवळजवळ बंद पडतो. ज्या वेळी गरज सर्वांत अधिक, त्याच वेळी पुरवठा सर्वांत कमी, असा हा प्रकार आहे. टाकाऊ द्रव्ये साचतात, आग होऊ लागते, हात थरथरतो आणि शेवटी पकड सुटते.

हे वर्गात सहज दाखविता येते. मुलांना 20 सेकंद मूठ घट्ट आवळण्यास सांगून मग उघडावयास लावावी. तळवा प्रथम फिकट दिसतो आणि पाहता पाहता लाल होतो. अडलेले रक्त वाट मोकळी होताच जोराने आत येते, त्याचा हा परिणाम होय.

जोर किती लावला यावर तो किती वेळ टिकेल हे अवलंबून असते. जर्मन संशोधक वाल्टर रोमर्ट यांनी 1960 साली यासंबंधीची मोजमापे प्रसिद्ध केली. कमाल ताकदीच्या निम्मा जोर माणूस साधारण एक मिनिटभर टिकवू शकतो. 15 टक्क्यांहून कमी जोर मात्र कितीही वेळ टिकविता येईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढील संशोधनाने हा शेवटचा भाग खरा नसल्याचे दाखविले. अगदी थोडा ताणही दीर्घकाळ न सोडता ठेवला, तर स्नायू थकतोच.

ही दुरुस्ती शिक्षकांच्या विशेष उपयोगाची आहे. सतरंजीवर ताठ बसलेल्या मुलाच्या पाठीचे व मानेचे स्नायू सतत थोडा ताण धरून असतात. अर्ध्या तासाने ते मूल कूस बदलते, मांडी पालटते, मागे टेकते. त्याच्या या चुळबुळीला बेशिस्त समजण्याची चूक होते. पुष्कळदा ती अडलेल्या रक्तासाठी शरीराने स्वतःच शोधलेली वाट असते. दोन विषयांच्या मध्ये मुलांना एक मिनिट उभे करून हातपाय हलवावयास लावले, तर पुढील पाठाकडे त्यांचे लक्ष अधिक लागते, असा अनुभव येईल.

हृदय व रक्तदाब

स्थिर श्रमाचा परिणाम केवळ त्या एका स्नायूपुरता राहत नाही. मूठ आवळली की काही क्षणांतच नाडीचे ठोके वाढतात आणि थोड्याच वेळात सर्व शरीरातील रक्तदाब चढू लागतो. प्रौढ निरोगी माणसाने कमाल ताकदीच्या सुमारे एक-तृतीयांश जोराने मूठ आवळून ती काही मिनिटे, थकवा येईपर्यंत धरली, तर रक्तदाब साधारणपणे पाऱ्याच्या 20 ते 30 मिलिमीटरने वाढतो. मुठीसारख्या लहानशा अवयवाच्या श्रमाने एवढी वाढ व्हावी, हे नवल आहे.

चालताना किंवा धावतानाही रक्तदाबाचा वरचा आकडा वाढतो, परंतु खालचा फारसा वाढत नाही. कारण काम करणाऱ्या स्नायूंतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हृदयाने ढकललेल्या रक्ताला मोकळी वाट मिळते. स्थिर श्रमात ही वाट मोकळी होत नाही. त्यामुळे वरचा व खालचा असे दोन्ही आकडे चढतात. शेतकऱ्याच्या मुलांना हे पाटाच्या उदाहरणाने सांगता येईल. मोकळ्या पाटातून पुष्कळ पाणी सोडणे वेगळे आणि तोंडाशी दगड घातलेल्या पाटातून पाणी रेटणे वेगळे. पहिल्यात पाणी अधिक वाहते. दुसऱ्यात जोर अधिक लागतो. धावणाऱ्याच्या हृदयाला अधिक रक्त पुढे लोटावे लागते, तर भार धरून थांबलेल्याच्या हृदयाला अधिक दाबाविरुद्ध लोटावे लागते.

मुठीचे वर्तमान हृदयाला कळते कसे, या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारच्या संशोधनातून मिळाले. डेन्मार्कमधील ऑगस्ट क्रोग व योहानेस लिंडहार्ड यांनी 1913 साली असे दाखविले की, श्रम सुरू होताक्षणीच नाडी व श्वास यांची गती वाढते. स्नायूंतून एखादे द्रव्य रक्तावाटे पोहोचण्यास एवढा वेळही मिळालेला नसतो. यावरून, मेंदू स्नायूंना आज्ञा देतो तेव्हाच ती हृदय व श्वसन यांच्या केंद्रांनाही पोहोचत असली पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादिले. लिंडहार्ड यांनी 1920 साली हात वाकवून लोंबकळणाऱ्या माणसांचा अभ्यास केला, तेव्हा लोंबकळणे संपल्यावर प्राणवायूचा वापर उलट वाढतो असे त्यांना आढळले. अडलेली उधारी शरीर नंतर फेडते, असेच म्हणावयाचे.

दुसरा प्रयोग अलम व स्मर्क या संशोधकांनी इजिप्तमधील कैरो येथे केला व 1937 साली प्रसिद्ध केला. त्यांनी अवयवाभोवती हवा भरलेला पट्टा आवळून त्यातील रक्तप्रवाह थांबविला आणि पुढच्या भागातील स्नायूंना काम करावयास लावले. रक्तदाब वाढला. मग काम थांबविले, पण पट्टा तसाच ठेवला. श्रम संपले तरी रक्तदाब पूर्ववत झाला नाही; पट्टा सोडल्यावर मात्र तो झपाट्याने उतरला. याचा अर्थ असा की, स्नायूंत कोंडून राहिलेली टाकाऊ द्रव्ये तेथील सूक्ष्म मज्जातंतूंना चेतवितात, ते मज्जातंतू मेंदूकडे तक्रार नेतात आणि मेंदू रक्तदाब वाढवून उपाशी स्नायूकडे रक्त पोहोचविण्याची धडपड करतो. रक्तदाब चढणे हा येथे शरीराने योजलेला उपाय आहे. परंतु हा उपाय सर्व शरीराला सोसावा लागतो.

श्वास कोंडण्याचा धोका

जड वस्तू उचलताना किंवा ताकद लावताना माणूस नकळत श्वास कोंडतो. इटलीतील शरीरशास्त्रज्ञ अंतोनिओ वालसाल्वा यांनी 1704 साली कानाविषयीच्या आपल्या ग्रंथात तोंड व नाक बंद करून श्वास रेटण्याच्या क्रियेचे वर्णन केले होते. त्यांच्याच नावाने ही क्रिया आज ओळखली जाते. श्वास कोंडून जोर केला की छातीतील दाब वाढतो आणि नीलांतून हृदयाकडे परतणारे रक्त अडते. प्रथम रक्तदाब उसळतो, मग खाली येतो आणि श्वास सोडल्यावर पुन्हा उसळी घेतो. या चढउतारात डोळ्यांपुढे अंधारी येते, क्वचित माणूस कोसळतोही. म्हणून स्थिर व्यायामाचा पहिला नियम असा की, श्वास चालू असला पाहिजे. मुलांना मोठ्याने अंक मोजावयास लावणे हा याचा सोपा मार्ग होय. जो मोजतो त्याला श्वास कोंडता येत नाही.

लाभ कोणते व मर्यादा कोणत्या

एवढ्यावरून स्थिर व्यायाम त्याज्य आहे असे मात्र कोणी समजू नये. जर्मनीतील डॉर्टमुंड येथील हेटिंगर व म्यूलर यांनी 1953 साली असे प्रसिद्ध केले की, कमाल ताकदीच्या दोन-तृतीयांश जोराने दिवसातून एकदाच सहा सेकंद स्नायू आवळला, तरी दर आठवड्यास सुमारे 5 टक्के ताकद वाढते. या वृत्ताने जगभर कुतूहल निर्माण झाले. नंतरच्या प्रयोगांत वाढीचा हा वेग इतरांना आढळला नाही. पण साधनांवाचून, थोड्या जागेत, अल्प वेळात ताकद वाढविता येते, हे मूळ तत्त्व टिकून राहिले. हाड मोडून प्लास्टरमध्ये असलेल्या अवयवाचे स्नायू रोडावू नयेत म्हणून सांधा न हलविता स्नायू आवळण्याचा व्यायाम याच तत्त्वावर सांगितला जातो.

मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. ज्या कोनात सांधा ठेवून व्यायाम केला, त्या कोनात व त्याच्या आसपासच ताकद प्रामुख्याने वाढते. शिवाय धावण्याने दम टिकविण्याची जी शक्ती येते, ती नुसत्या स्थिर व्यायामाने तितकी येत नाही. म्हणून वाढत्या वयाच्या मुलांचा मुख्य व्यायाम धावणे, उड्या मारणे, खेळणे हाच असावा. स्थिर व्यायाम त्याच्या जोडीला असावा.

आणखी एक गोष्ट अलीकडील संशोधनाने पुढे आणली आहे. श्रमाच्या वेळी रक्तदाब चढविणारा हाच व्यायाम, बेताच्या जोराने व मध्ये विश्रांती घेऊन काही आठवडे नियमाने केला, तर प्रौढांचा एरवीचा रक्तदाब उतरतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 270 प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले गेले. त्यात स्थिर व्यायामाने रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी 8 व खालचा 4 मिलिमीटरने कमी झाल्याचे आढळले. अशा प्रयोगांतील नेहमीची पद्धत म्हणजे दोन-दोन मिनिटांचे चार प्रयत्न, मध्ये विश्रांती, आणि आठवड्यातून तीन दिवस. एकाच श्रमाचे तात्कालिक व दीर्घकालीन परिणाम परस्परविरुद्ध असू शकतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे. तथापि ज्या शिक्षकांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून असा व्यायाम सुरू करू नये व चालू औषध तर मुळीच सोडू नये. शाळेतील कपाटे व बाके श्वास कोंडून उचलण्याचे साहसही त्यांनी टाळावे.

शाळेत कसे योजावे

आपल्याकडील आसनांत स्थिर श्रमाचा अंश मोठा आहे. वीरासन, उत्कटासन, नौकासन यांत स्नायू आवळून काही काळ थांबावे लागते. पतंजलीने आसनाच्या व्याख्येत स्थैर्याइतकेच सुखालाही स्थान दिले आहे. शरीरशास्त्राचा सल्लाही याहून निराळा नाही. थरथर सुरू होण्यापूर्वी, चेहरा पिळवटण्यापूर्वी आसन सोडावे. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून योगक्रियांचे शास्त्रीय मापन सुरू केले, त्यामागे परंपरेची अशी डोळस पारख करण्याचीच दृष्टी होती.

प्राथमिक शाळेत पुढील मर्यादा पाळणे हिताचे ठरेल. प्रत्येक स्थिती मुलांना पाच ते दहा सेकंद धरावयास सांगावी. नंतर तितकाच किंवा अधिक वेळ अंग सैल सोडावे. अंक मोठ्याने मोजावेत. जोर बेताचा असावा व मुलामुलांत चढाओढ लावू नये. स्थिर स्थितीनंतर चालणे किंवा हात झुलविणे यांसारखी हालचाल घ्यावी. ज्या मुलास हृदयाचा विकार असल्याचे आरोग्य तपासणीत आढळले आहे, जे थोड्या श्रमाने धापा टाकते किंवा ज्याचे ओठ निळसर पडतात, त्यास डॉक्टरांच्या अनुमतीवाचून हा व्यायाम देऊ नये.

प्रार्थनेच्या वेळी एखादे मूल चक्कर येऊन पडते, त्याचा उलगडाही येथेच होतो. उभे राहिल्यावर प्रौढ माणसाचे सुमारे अर्धा लिटर रक्त खालच्या भागात उतरते. मूल अगदी निश्चल उभे राहिले तर पोटरीचा पंप चालत नाही, रक्त पायांत साचते, आणि मेंदूस ते अपुरे पडते. उपाशीपोटी व उन्हात हे लवकर घडते. मुलांना उभ्या उभ्या टाचा उचलणे, पोटऱ्या आवळणे व सोडणे यांची मोकळीक असावी. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली तर पायावर पाय टाकून मांड्या आवळाव्यात किंवा मुठी घट्ट वळाव्यात. येथे स्थिर श्रमाने चढणारा रक्तदाब उपकारक ठरतो. तरीही बरे वाटले नाही तर मुलाने लाज न बाळगता खाली बसावे. पडलेल्या मुलास ताबडतोब उभे करू नये. उताणे निजवून त्याचे पाय उंच करावेत.

वरच्या वर्गांतील मुलांकडून एक प्रयोग करून घेता येईल. जोडीतील एकाने शांत बसावे व दुसऱ्याने त्याची नाडी 30 सेकंद मोजावी. मग पहिल्याने रिकामा तांब्या हातात घेऊन हात आडवा, न हलविता धरावा, आणि एक मिनिटाने दुसऱ्या हाताची नाडी पुन्हा मोजावी. थोड्या विश्रांतीनंतर तोच तांब्या तितकाच वेळ सावकाश वर-खाली करावा. कोणत्या वेळी हात लवकर भरून आला, याची नोंद मुलांनी वहीत करावी. कोणी दमला तर त्याने तांब्या लगेच खाली ठेवावा.

शिक्षेचा प्रश्न

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या बाबीकडे वळले पाहिजे. अंगठे धरून उभे करणे, हात वर करून ठेवावयास लावणे, भिंतीशी खुर्ची करावयास लावणे, कोंबडा करणे, या शिक्षांत छडी नसते, वळ उठत नाहीत. म्हणून त्या सौम्य समजल्या जात. वर सांगितलेले सर्व ध्यानात घेतले, तर हा समज किती चुकीचा आहे हे दिसून येईल. या प्रत्येक शिक्षेत मोठमोठे स्नायू न सोडता आवळलेले असतात. त्यांतील रक्त अडते, वेदना साचत जाते, नाडी व रक्तदाब चढतात, रडू आवरताना श्वास कोंडला जातो. व्यायामात मूल दमले की थांबते. शिक्षेत ते दमल्यावरच खरी शिक्षा सुरू होते. व्यायाम व यातना यांतील सीमारेषा नेमकी ही आहे. थांबण्याची मोकळीक ज्याच्या हाती नाही, त्याच्यासाठी तो व्यायाम उरतच नाही. ज्या मुलाच्या हृदयातील दोष कोणाला ठाऊकच नाही, त्याच्या बाबतीत तर ही गोष्ट जिवावरही बेतू शकते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 साली संमत झाला व 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. छडी लागली नाही एवढ्यावरून एखादी शिक्षा या मनाईबाहेर राहत नाही.

शिक्षेला आणखीही एक किंमत आहे. जे मूल उठाबशा व खुर्ची यांना अपमान म्हणून ओळखते, ते मोठेपणी त्यांच्याकडे आरोग्याचे साधन म्हणून सहसा वळत नाही. भिंतीला पाठ लावून गुडघे वाकविण्याचा जो व्यायाम आज प्रौढांचा रक्तदाब उतरविण्यासाठी उपयोगी ठरला आहे, तोच शाळेत खुर्चीची शिक्षा म्हणून दिला जात असे, हे विसरता येत नाही. स्थिती तीच, पण एके ठिकाणी काळ मोजलेला असतो, श्वास चालू असतो व थांबणे आपल्या हाती असते. दुसरे ठिकाणी यांपैकी काहीच नसते.

बादली आणणारा मुलगा वाटेत हात पालटतो, तेव्हा त्याला कोणी शरीरशास्त्र शिकविलेले नसते. थकलेल्या स्नायूला क्षणभर सैल सोडले पाहिजे, हे त्याचे शरीरच त्याला सांगते. ते सांगणे ऐकण्याची मुभा मुलांना असावी. पटांगणावर, वर्गात आणि प्रार्थनेच्या रांगेत ही मुभा देणे शिक्षकांच्या हाती आहे.